बर्फाच्या खळग्यातली भाजी

नागेशच्या वडिलांची जतच्या बाजारात पिठाची गिरणी होती. पोरगा जर्मनीत डॉक्टर होणार असं कळल्यावर दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई आपला दुखरा गुडघा घेऊन त्यांच्याकडे चौकशी करू लागली. मग उलगडा झाला की तो माणसांचा डॉक्टर नव्हे, झाडपाल्याचा. त्यातही आंबा, द्राक्ष असल्या उपयोगी झाडाचा नव्हे, तर तणाचा. बायकांनी गुडघे झाकले आणि दळण उचललं.

नागेशला याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायलाही थोडी घाई लागते आणि घाई या माणसाच्या अंगात नव्हती. लहानपणी त्याला गिरणीवर बसवलं की तो ज्वारीतले खडे निवडता निवडता खडेच बघत बसायचा. असा मुलगा पुढे एकतर वाया जातो, नाहीतर संशोधनाला लागतो. दोन्हींत फरक असतो असं घरच्यांना वाटतं, म्हणून तसं म्हणायचं.

तो रेगेन्सबर्गला होता. बायको शिवांगी तिथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. घरात पगार तिचा यायचा आणि माती ह्याच्या बुटांना यायची. शिवांगीचे ऑफिसातले लोक विचारायचे, नवरा काय करतो. ती सांगायची, ल्योवेनत्सानवर डॉक्टरेट. मग लोक विषय बदलायचे. जर्मनीत या पिवळ्या फुलाचं, म्हणजे डँडेलियनचं, फार कौतुक नाही. शनिवार आला की अंगणाअंगणातून म्हातारे दुतोंडी खुरपं घेऊन गुडघ्यावर बसतात आणि हिरवळीतून एकेक रोप मुळासकट काढतात. आणि हा माणूस विद्यापीठाच्या पैशानं तेच वाढवत होता.

तेच नव्हे. तेच म्हटलं की नागेशचा चेहरा पडायचा. अंगणातलं डँडेलियन म्हणजे चव्हाट्यावरची भवानी, कुठंही उगवणार. नागेशचं होतं ते तिच्या डोंगरातल्या धाकट्या बहिणीसारखं. ऑस्ट्रियाच्या सीमेलगत आल्प्स उभे आहेत, तिथं पाइनची झाडं चढता चढता आधी खुजी होतात, मग जमिनीला टेकतात, मग हार मानतात. त्याच्याही वर, उत्तरेकडे तोंड असलेल्या खळग्यांत हिवाळाभर वारा बर्फ आणून ओततो. सगळा डोंगर मोकळा झाला तरी त्या खळग्यांतला बर्फ उठत नाही. पाहुणा जेवून झाल्यावरही पाटावर बसून राहावा तसा तो बसतो, जुलैपर्यंत. त्याच्या काठाकाठानं, वितळत्या पाण्यात पाय बुडवून ही रोपं येतात. तळहाताएवढा पसारा. पानं गुळगुळीत, अंगावर लव नाही. दांडा आखूड, कारण वर मान काढली तर वारा कानफटात देतो. फुलाखालच्या हिरव्या पाकळ्या इतक्या गडद की काळ्याच वाटाव्यात, आणि त्या काळ्या वाटीतून पिवळं जर्द फूल. बर्फ उठला की पानं, फूल, बी, सगळा संसार उरकायचा आणि पहिल्या बर्फाआधी दार लावून घ्यायचं.

शिवाय या फुलाला नवरा लागत नाही. परागाची वाट न बघता बी आपलं आपण धरतं, आणि लेक हुबेहूब आईसारखी निपजते. नागेशनं हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या सासूबाई, यमुनाबाई, म्हणाल्या होत्या की चांगलं आहे, जावयाचे मानपान वाचले.

नागेशला एवढंच बघायचं होतं, की सगळ्यात उशिरा बर्फ उठणाऱ्या खळग्यातली रोपं खाली शहरात आणली तर तीही उशिरानंच फुलतात का, की बर्फ विसरून जातात. शिवांगीचं म्हणणं होतं, गाव सोडलेला गाव विसरतो का हे शोधायला रोप कशाला हवं, कुठल्याही सुनेला विचार. पण विद्यापीठाला सून चालत नव्हती. तेव्हा नागेशनं परवानगी काढून त्या खळग्यातली मोजकीच रोपं खणून आणली होती. काचघरात त्यांना उकडेल म्हणून त्यानं ती घरी आणली, कारण त्यांची बाल्कनी उत्तरेकडे होती आणि तिच्यात सूर्य पाहुण्यासारखाच यायचा. त्याच्या प्रोफेसरबाईंनी, फ्राऊ एंगेलहार्टनी, खांदे उडवून सांगितलं होतं की रोपं तुझी, जबाबदारीही तुझी. त्या खळग्यातलं बी कुणाकडे नव्हतं. जे काय होतं ते बाल्कनीत होतं.

दोन हजार सात साली ज्येष्ठ अधिक आला आणि त्याच वेळी यमुनाबाई आल्या.

अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. एरवी जावई कसाही असो, या महिन्यात तो साक्षात विष्णू. त्याला धोंडे जेवायला घालायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर पाय धुवायचे. कागलच्या यमुनाबाईंना हा महिना लेकीच्या घरी साजरा करायला मिळत होता, आणि त्या रीतसर तयारीनं आल्या होत्या. अनारशाचं पीठ, खसखस, पुरणाची डाळ, तांब्याचं ताम्हण. विमानतळावरच्या माणसानं पिठाची पिशवी बराच वेळ हातात धरून ठेवली होती. यमुनाबाईंनीही त्याच्याकडे तेवढाच वेळ बघितलं. शेवटी त्यानं पिशवी परत ठेवली.

घरात दिवसभर त्या आणि नागेश. जावयाशी सासूनं गप्पा मारायच्या नसतात, त्याला वाढायचं असतं. त्यामुळे नागेशला तासातासाला काहीतरी खावं लागायचं. मोकळ्या वेळात यमुनाबाईंनी तिथला कचरा शिकून घेतला. ओलं तपकिरी डब्यात, प्लॅस्टिक पिवळ्या पिशवीत, कागद निळ्यात. हे त्यांना इतकं पटलं की शेजारणीनं केळाचं साल चुकीच्या डब्यात टाकलं तर त्या दार उघडून मराठीत समज द्यायच्या.

आणि त्या एक गोष्ट रोज बघत होत्या. सकाळी उठल्याबरोबर, चहाही न घेता, जावई बाल्कनीत उकिडवा बसायचा. कुंड्यांतली पानं एकेक करून उलटून बघायचा, बोटानं माती चाचपायचा, कळ्यांवर हळूच फुंकर घालायचा. यमुनाबाईंनी एकदा तो नसताना पान मोडून पाहिलं. पांढरा चीक आला. पानाची कड करवतीसारखी, कळी पिवळी. जावयाचं संशोधनाचं फूल डोंगरातल्या बर्फात असतं असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणजे हे ते नव्हे. त्यांना ओळख पटली. ही तर पाथरी. जतसारख्या कोरड्या मुलखातलं पोर, लहानपणी भाकरीबरोबर पाथरीची भाजी खाऊन वाढलेलं, आणि या परमुलखात ती कुठं मिळत नाही म्हणून बिचाऱ्यानं कुंडीत लावली, रोज तिच्याकडे बघत बसतो, पण बायकोला करून घाल म्हणायची हिंमत नाही. त्यांनी धोंड्याच्या जेवणात एक भाजी वाढवली.

धोंड्याच्या जेवणाचा दिवस शुक्रवारचा ठरला होता. नागेश विद्यापीठात गेला. यमुनाबाईंनी सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या. पाथरी उपटायची ती मुळासकट, अर्धवट काम त्यांच्या घराण्यात नव्हतं. पानं खुडून घेतली, मुळं तपकिरी डब्यात टाकली. कुंड्यांत खोचलेल्या, काहीतरी आकडे लिहिलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या धुऊन पिवळ्या पिशवीत घातल्या. दुपारी कचऱ्याची गाडी आली आणि तपकिरी डबा रिकामा करून गेली. आणि जावयाच्या कुंड्या ओक्याबोक्या दिसू नयेत म्हणून त्यांनी मातीत धने पेरून वर पाणी शिंपडलं.

संध्याकाळी पाट, रांगोळी, ताम्हणात पाय. नागेश संकोचानं अर्धा झाला होता. पुरणाचे धोंडे, वर तूप, अनारसे, आणि पानात डावीकडे हिरवी भाजी, लसणाची फोडणी, दाण्याचा कूट. नागेशनं भाजी खाल्ली आणि त्याचा चेहरा उजळला. किंचित कडू, मग मागून गोड. त्यानं ती मागून घेतली. मग पुन्हा मागून घेतली. शिवांगीलाही म्हणाला, खा ना, अशी भाजी इथं मिळत नाही. यमुनाबाई पदराआड समाधानानं हसल्या. त्या भाजीत शेंड्यापासून देठापर्यंत प्रबंधाचं एक संपूर्ण प्रकरण होतं, तक्त्यांसहित, आणि संशोधकानं ते ढेकर देऊन संपवलं.

जेवण झाल्यावर तो सवयीनं बाल्कनीत गेला.

बराच वेळ आत आला नाही म्हणून शिवांगी बघायला गेली. तो ओल्या मातीकडे बघत उभा होता.  ज्वारीतला खडा ओळखावा तसं त्याला सावकाश, एकेक करून, सगळं कळत होतं. मग त्यानं पोटावर हात ठेवला.

आत येऊन शिवांगीनं दार लावलं आणि दबक्या आवाजात त्याला बजावलं की आज आईनं तुझे पाय धुतलेत, आज तू तिला एक शब्द बोलायचा नाहीस. नागेश म्हणाला, बोलत नाहीये. तिनं सांगितलं, चेहऱ्यानंही नाही. हे जास्त अवघड होतं. अधिक महिन्यातल्या विष्णूला रागवायची सोय नसते. तो दुसऱ्या दिवशीही तसाच गोड गोड जेवला आणि सासूला म्हणाला, छान झालंय. असं चार-पाच दिवस छान झालंय म्हणता म्हणता त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसरबाई रोपं बघायला घरी आल्या. ते आधीच ठरलेलं होतं आणि मोडायला नागेशकडे कारण नव्हतं, म्हणजे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. कुंड्यांत धन्याला कोंब फुटले होते. बाईंनी चष्मा लावून ते पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग नागेशनं जर्मनमध्ये सगळं सांगितलं, सणासकट. यमुनाबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या. भाषा कळत नव्हती, पण जावयाचा हात एकदा कुंडीकडे गेला, एकदा तोंडाकडे आणि एकदा पोटाकडे, एवढं त्यांनी पाहिलं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी विचारलं, "चव कशी होती?"

नागेशला वाटलं ही थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्या म्हणाल्या, वीस वर्षं मी ही वनस्पती मोजते आहे, चवीबद्दल कुणाकडे नोंद नाही. मग त्यांनी तितक्याच शांतपणे पुढचं सांगितलं. त्या खळग्यात अजून बर्फ आहे. जुलैत फुलं येतील. यंदा रोप उपटायची परवानगी मिळणार नाही, फक्त बी. ते मिळालं तर काम पुढे चालेल. नाही मिळालं तर शरद ऋतूत तुझा करार संपतो तो संपला, वाढवून मागायला मला तोंड नाही.

त्या गेल्यावर यमुनाबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि शिवांगीला विचारलं, "काय खाल्लं गं आपण?"

शिवांगीनं सांगितलं. यमुनाबाई चूक झाली म्हणाल्या नाहीत. तो शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासायला लागल्या, घासलेलीच भांडी. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या की डोंगरावर मीही येणार. गुडघे, उंची, थंडी, सगळ्या सबबी शिवांगीनं सांगून पाहिल्या. यमुनाबाईंनी नऊवारीवर लेकीचा जाड कोट चढवला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. हा विषय संपला.

जुलैत एका शनिवारी तिघं निघाले. म्युनिकवरून गाडी, मग छोटी गाडी, मग रोपवे. वर पोचल्यावर पायवाट. यमुनाबाई सावकाश चालायच्या आणि कुठंही थांबायला कारण शोधायच्या, पण थकले म्हणायच्या नाहीत. हे फूल बघू, तो दगड बघू. नागेश पुढे, मागं न बघता. वर ढग इतके खाली होते की डोकं लागेल असं वाटावं. कुठूनतरी घंटा वाजत होत्या. यमुनाबाईंनी विचारलं, देऊळ आहे का. ते देऊळ नव्हतं.

खळग्याच्या कडेवर पोचले आणि बघतात तर तपकिरी, तुकतुकीत, गळ्यात भल्याथोरल्या घंटा बांधलेल्या गाई आत उतरलेल्या. उन्हाळ्यात खालच्या गावांतली जनावरं वरच्या कुरणांवर आणतात, ती ही. काठाची रोपं खुडलेली होती. पानं, दांडे, बोंडं, सगळं. नुसते दुधाळ खुंट उरले होते. एक गाय शेवटचा घास रवंथ करत नागेशकडे बघत होती.

नागेश तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. गाईपाशी अधिक महिना नव्हता.

"खाल्लंस?" तो म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू आहे, विचारावं, एवढंही वाटलं नाही? कुणीतरी जिवापाड जपलंय, ते दिसत नाही? आकड्यांच्या पट्ट्या होत्या समोर. त्या धुऊन पिवळ्या पिशवीत टाकतं का कुणी? आणि वर धने पेरतं?"

गाईनं कान हलवला. तिनं आयुष्यात धने पेरले नव्हते.

लेकी बोले सुने लागे म्हणतात तसं हे गाईला बोलणं जिथं लागायचं तिथं लागलं. शिवांगी नवऱ्याला थांबवायला पुढं झाली, पण यमुनाबाईंनी तिला हातानं मागं सारलं, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि गाईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"तुजं काय चुकलं गं बाई," त्या गाईला म्हणाल्या. "मालक रोज सकाळी उकिडवा बसतोय, पानं कुरवाळतोय. त्वांडानं येक अक्षर बोलत न्हाई, का बाबा ह्ये काय हाय. तुला वाटलं, पोराला आवडतंय, करून घालावं. आन् दोनदा मागून कुणी घेतली?"

"चव चांगली होती," नागेश गाईला म्हणाला.

"मग गाईला कशापायी बोलतोस?"

"दोन वर्षं गेली माझी, आई." आता तो गाईशी बोलत नव्हता. "दोन वर्षं. आणि मी तुम्हाला छान झालंय, छान झालंय म्हणत होतो."

यमुनाबाईंनी गाईच्या पाठीवर हात ठेवला. "म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "तवापास्नं घास गॉड लागंना."

गाय दोघांच्या मधून निघून गेली. तिला चरायचं होतं.

मग नागेश खाली बघू लागला, आणि बघतच राहिला. त्याच्या बघत राहण्यावर शिवांगी एरवी चिडायची, आज तीही खाली बघू लागली. खळग्याच्या तळाशी अजून बर्फ होता, मळका, कडेनं पोखरलेला. बर्फ बाहेरून आत सरकत जातो, तशी रोपंही कड्याकड्यानं उठतात. बाहेरच्या कड्यातली आधी फुललेली, ती गाईंनी खाल्ली. पण बर्फाच्या अगदी काठाशी, चिखलात, पाणी टपकत होतं तिथं आत्ताशी पानं उलगडत होती. पानांच्या मधे, जमिनीला चिकटून, काळ्या वाटीतल्या बारीक कळ्या. गाई तिथवर गेल्या नव्हत्या, कारण तिथं त्यांचे पाय रुतत होते. पण चार दिवस ऊन पडलं की चिखल सुकणार आणि वाट मोकळी होणार.

नागेशनं हिशेब मांडला. फूल उघडणार, मिटणार, मिटल्या पोटात बी पिकणार आणि एका कोरड्या सकाळी पुन्हा उघडणार. तोवर इथं कुणीतरी थांबायला हवं. शिवांगीची सुट्टी सोमवारी संपत होती.

"मंजे राखण," यमुनाबाई म्हणाल्या. "मग त्यात काय."

खालच्या कुरणावर गाई सांभाळणाऱ्या बाईची लाकडी झोपडी होती. तिला नागेशनं सगळं समजावलं. ती म्हणाली, गाई अडवणं माझं काम नाही, कुरण त्यांचं आहे, पण माळ्यावर गवत आहे, झोपा. शिवांगी परत गेली. जावई आणि सासू राहिले.

सकाळी गाई सुटल्या की दोघं खळग्याच्या तोंडाशी दोन दगडांवर बसायची. यमुनाबाईंच्या हातात काठी. गाय आली की त्या कागलच्या भाषेत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि बव्हेरियातली गाय मुकाट वळायची. गाय नसेल तेव्हा त्या जावयाशी भांडायच्या. एकदा बांध फुटल्यावर दोघांना चांगलंच बोलता येतं असं दिसून आलं. नागेशनं सांगून टाकलं की तासातासाला खायला घालू नका. यमुनाबाईंनी सांगून टाकलं की लग्नात तुझ्या आत्यानं शालूला नावं ठेवली होती, ते अजून सललंय. नागेश म्हणाला, शालू खरंच भडक होता. त्यावर एक सकाळ गेली. यमुनाबाईंच्या तोंडचं अहो-जाहो कधी गळून पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऊन यायचं, ढग यायचे. दगडामागून मारमोट नावाचा गुबगुबीत प्राणी शीळ घालायचा आणि यमुनाबाई मान फिरवून बघायच्या, या वयात कोण शीळ घालतंय. बर्फ रोज हातभर मागं सरायचा. त्यानं सोडलेल्या जागी आधी करडा चिखल, मग हिरवं काही, मग एका दुपारी सगळ्या काठावर पिवळं. यमुनाबाई त्या पिवळ्याकडे बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, पाथरी न्हवं ही. पाथरी अशी हासत न्हाई.

फुलं मिटली. दांडे थोडे लांबले, बोंडं फुगली. आणि एका सकाळी, दव उडाल्यावर, पहिलं बोंड उघडलं. रुईच्या म्हातारीसारखा पांढरा, गोल, श्वास लागला तर मोडेल असा गोळा. मग दुसरं, मग काठभर. नागेशनं कागदी पाकिटं काढली, चिमटा काढला, बसला, आणि त्याच वेळी खालून दरीतून वारा उठला.

त्याचा हात तिथंच थांबला. बघत राहिला.

"आरं नाग्या, बघतोस काय," यमुनाबाई ओरडल्या. "पोटावर पड की!"

नागेश पोटावर पडला, सरळ बर्फाच्या पाण्यात, वाऱ्याकडे पाठ करून. वाऱ्याच्या बाजूला यमुनाबाई फतकल मारून बसल्या आणि कोट उघडून दोन्ही हातांनी त्याचा आडोसा धरला. त्या आडोशात, कोपरापर्यंत चिखलात, नागेश एकेक गोळा पाकिटात उतरवू लागला. वारा कोटावर आपटत होता. यमुनाबाईंचं तोंड चालू होतं. हळू. त्यो ऱ्हायला. त्यो न्हवं, पल्याडचा. डोळं हायती का गारगोट्या.

पाकिटं भरली. थोडी बोंडं त्यानं तशीच ठेवली. यमुनाबाईंनी विचारलं, "ही?"

"ती इथली," नागेश म्हणाला. "सोडा कोट."

त्यांनी कोट सोडला. वारा आत आला आणि उरलेलं सगळं पांढरं एकदम उठून उताराकडे, बर्फाकडे, खडकांकडे गेलं. थोडं मागे गरगरून यमुनाबाईंच्या तोंडावर आलं. त्या डोळे मिटून तोंड पुसू लागल्या. नागेश उठला. पुढून तो सगळा चिखलाचा झाला होता, दात वाजत होते. त्यानं पाकिटांवर खळग्याचं नाव लिहिलं आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, पोटाशी. मग त्याचं लक्ष सासूच्या अंबाड्याकडे गेलं. करड्या केसांत तीन-चार बिया अडकल्या होत्या.

"हलू नका," तो म्हणाला आणि त्यानं चिमटा पुन्हा बाहेर काढला.

यमुनाबाई हलल्या नाहीत.